सोन्याच्या बकुळीला पाकळ्या किती?

ओवणारी
नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथे नुसती वाचत आलेय. धागा पहिलाच आहे, सांभाळून घ्या.

मी चांदीत काम करते. नोकरी सोडली, पुण्यात एका सोनारकाकांच्या हाताखाली दीड वर्ष काढलं आणि आता घरच्या मागच्या बाल्कनीत टेबल मांडलंय. पानं, शेंगा, बिया, खडे, वाटेत जे दिसेल ते घरी येतं. धुवायला टाकण्याआधी माझ्या सलवारीचे खिसे तपासायचे, हा घरातला नियम आहे.

गेल्या महिन्यात आजीचा बकुळहार दुरुस्तीला आला. दोन फुलांमधली कडी तुटली होती, ती जोडून दिली. नेमका त्याच दिवसांत सोसायटीतल्या बकुळीखाली सडा पडत होता, म्हणून सहज एक खरं फूल उचलून हारातल्या फुलाशेजारी ठेवलं. सोन्याच्या फुलाला आठ पाकळ्या, गुबगुबीत, मध्ये एक टपोरा ठिपका. खऱ्या फुलाच्या पाकळ्या भिंगाखाली सुईच्या टोकाने एकेक बाजूला करत मोजल्या. चोवीस! त्याही बारीक, टोकदार, विस्कटलेल्या. दोन्ही फुलं गोल आहेत, एवढंच काय ते साम्य.

आता मला चांदीची बकुळ करायची आहे. प्रश्न दोन. एक, जुन्या ठशासारखी करू की खऱ्या फुलासारखी? दोन, मध्ये खडा कुठला बसवू? आपल्याच मातीतला काही मिळाला तर फार आवडेल.

खडूस_आजोबा
चोवीस कॅरेटला चोवीस पाकळ्या, साधा हिशोब आहे. आठच दिसत असतील तर सोळा सोनाराने खाल्ल्या.

पाटल्या_बिटल्या
😂😂 खडूस आजोबा, इथे सोनार मंडळीही वाचतात हं.

धागा आवडला. यावरून आठवलं, आपले दागिने बघा कसे शेता-परसातले आहेत. बोरमाळ, जवमाळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, पोहेहार, कानात भोकरं, नाकात लवंग, टीक बेलपानाची, बाळाच्या कपाळावर पिंपळपान, वेणीत केवडा. परकरी वयात मला वाटायचं की मोठ्या बायका गळ्यात घालतात ते भाजीबाजारातूनच आणतात.

निशाचर
म्हणजे मी लग्नात बायकोच्या गळ्यात अख्खं भुसार दुकान घातलं तर. उधारी अजून फेडतोय.

मुशीतला
पिढीजात सोनार आहे, कोल्हापूरकडचा. आजोबांचा विनोद गोड मानून घेतला. 🙂

ताई, आठ पाकळ्या का, ते सांगतो. बकुळहाराचं फूल ठशावर उठवतात. ठशात फूल उलटं, खोलगट कोरलेलं असतं. त्यावर सोन्याचा पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाचा तुकडा आणि वरून हातोडी. शिसं मऊ, ते पत्र्याला ढकलत खळग्यात बसवतं. हार हलका आणि परवडणारा व्हावा म्हणून पत्रा पातळ घेतात. पातळ पत्र्यावर टोकदार पाकळ्या उठवायला जाल तर टोकाशी फाटतो. गोल, गुबगुबीत पाकळी फाटत नाही. तुमच्या आजीच्या हाराचा ठसा कोरणाऱ्याने बकुळ पाहिली नव्हती असं समजू नका. त्याला पत्रा किती ताणतो ते माहीत होतं.

बोरमाळेचंही तेच. मणी पोकळ, आत लाख भरलेली. लाख नसती तर बोटाने दाबला तरी चेपला असता. मोडीला नेल्यावर लाखेचं वजन वजा केलं की लोक आमच्याकडं चोराकडं बघावं तसं बघतात, ते सोडा.

माझं मत विचाराल तर ठशासारखीच करा. लोकांना लांबून बकुळहार ओळखू आला पाहिजे.

रानवाटा
मुशीतला यांच्याशी असहमत. ठशासारखीच करायची तर ठसे बाजारात आहेतच की, त्यासाठी ताईंनी बाल्कनीत कशाला बसायचं? हाताने काम करणाऱ्याने निदान एकदा तरी फुलाकडे नीट बघून करावं. आज तेच ते कमळ, तीच ती कोयरी आणि तोच तो मोर. मोराला तरी आता सुट्टी द्या.

मुशीतला
@रानवाटा, मोराला सुट्टी दिली तर आम्हाला पण द्यावी लागंल. लग्नसराईत निम्मी गिऱ्हाइकं मोर मागतात.

अंजन_कांचन
शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. ओवणारी, मोजणी बरोबर आहे. पण ठसाही बरोबर आहे!

बकुळीला पाकळ्या मुळात आठच. मात्र प्रत्येक पाकळीला पाठीमागे दोन उपांगं असतात, दिसायला हुबेहूब पाकळीसारखी. आठ पाकळ्या आणि सोळा उपांगं मिळून चोवीस. ठसा कोरणाऱ्याने सोळा खाल्ल्या नाहीत आजोबा, त्याने उपांगं सोडून नेमक्या पाकळ्या तेवढ्या ठेवल्या. जाणूनबुजून की योगायोगाने, ते त्यालाच ठाऊक.

खडूस_आजोबा
सोनार समाजाची जाहीर माफी. बाईंच्या वर्गात आम्ही असतो तर पास झालो असतो.

काळा_पाषाण
दुसरा प्रश्न माझ्या प्रांतातला.

आपल्या मातीतला म्हणाल तर आपल्या पायाखाली बसाल्ट आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर ज्या चकाकणाऱ्या पोकळ्या निघतात त्या ह्याच. जळगाव, नाशिक, पुण्याच्या आजूबाजूला अपोफिलाइट, स्टिलबाइट निघतात. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहे. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन या, डोळे निवतात.

पण यातलं काहीही दागिन्यात घालू नका! कठीणपणाच्या मोहस मापनात अपोफिलाइट ४.५ ते ५, स्टिलबाइट ३.५ ते ४. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. म्हणजे ओढणीने नुसता खडा पुसलात तरी ओरखडे. शिवाय अपोफिलाइट एका दिशेने सुबक चिरतो. कोंदणाची कड दाबायला जाल आणि हातात दोन खडे येतील.

७ च्या आसपासचं काही घ्या. ॲमेथिस्ट, अकीक, कार्नेलियन. ही सगळी क्वार्ट्झच्या घरातली.

ओवणारी
@काळा_पाषाण, हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर! मी हिरव्या अपोफिलाइटला कोंदण करायला गेले होते. दोन नाही, तीन खडे झाले. तिसरा अजून टेबलाखाली कुठेतरी आहे, अनवाणी गेलं की सापडतो.

@अंजन_कांचन, आठ अधिक सोळा! काय सांगू, काल रात्री हे वाचून झोप लागेना.

गुरुबळ
मध्ये खडा बसवताना पत्रिका बघून बसवा. चुकीचा खडा गळ्यात पडला तर त्रास होतो. माझ्या मेव्हण्याला पुष्कराज घातल्यावर तीन महिन्यांत बढती मिळाली.

निशाचर
मेव्हण्याच्या साहेबाने कुठला खडा घातला होता, तेही कळू द्या.

रानवाटा
झालं. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

गुरुबळ
अनुभव घेतल्याशिवाय हसू नये. असो.

काळा_पाषाण
श्रद्धेबद्दल काही म्हणत नाही. पण नवरत्नांत ज्याला गोमेद म्हणतात तो हेसोनाइट, गार्नेटच्या कुळातला. आणि काही पुस्तकांत गोमेद हा शब्द अकीकासाठी वापरलेला सापडतो. दोन्ही खनिजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पत्रिका अचूक असली तरी दुकानात काय पुड्यात बांधून देतात ते तपासून घ्या.

लांबचा_पाहुणा
अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही. कामानिमित्त लिस्बनला असताना गुलबेंकियन संग्रहालयात रेने लालिक या फ्रेंच कारागिराचे दागिने पाहिले. १८९७-९८ मधला एक चतुर आहे. चतुराच्या तोंडातून अर्धी बाई बाहेर येतेय, की चतुर तिला गिळतोय, ठरवता येत नाही. सोनं, मीना, हिरे, मूनस्टोन. हिरे आहेत खरे, पण नजर जाते ती पंखांकडे. पंखांतल्या मीन्याला पाठीमागे पत्राच नाही, प्रकाश आरपार जातो. या माणसाने कंगव्यासाठी चक्क गुरांचं शिंग वापरलं, आणि तेही हिऱ्यांच्या पंगतीत.

मला पटलं ते असं की खडा महागाचा आहे का, हे तो विचारतच नव्हता. फुलाला काय हवंय ते बघून साहित्य घ्यायचा. ओवणारी, बकुळीला मध्ये खडा हवाय का, हाच प्रश्न आधी विचारा असं मला वाटतं.

पाटल्या_बिटल्या
गळ्यात अर्धी बाई गिळणारा चतुर? आमच्या हळदीकुंकवाला चालणार नाही. पण फोटो शोधून पाहिला आणि पंधरा मिनिटं तिथेच.

माकूल
रत्नागिरीकडचा. खरं फूल चांदीत उतरवायचं तर एक गावठी युक्ती आहे. माकूल माशाचं पांढरं हाड किनाऱ्यावर वाहून येतं, वैद्य त्याला समुद्रफेन म्हणतात. ते इतकं मऊ की नखाने कोरता येतं, आणि तरी वितळलेली चांदी सोसतं. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मध्ये वस्तू दाबून छाप उठवायचा, ओतायला वाट कोरायची, तारेने बांधायचं आणि ओतायचं. हाडाच्या बारीक रेषा धातूवर उमटतात, ओसरत्या भरतीने वाळूवर काढल्यासारख्या. वास मात्र असा सुटतो की शेजारी सुकट जळली म्हणून विचारायला येतात.

शेंग, बी, करवंदाचं पान यांना छान. बकुळीला जमेल का शंका आहे, दाबताना चुरा होईल.

ओवणारी
(आठ दिवसांनी)
हजर आहे. दोन प्रयोग केले, दोन्ही फसले. प्रामाणिकपणे लिहिते.

पहिला, खरं फूल जाळून ओतकाम. ताजं फूल प्लास्टरसारख्या लगद्यात बसवायचं, भट्टीत तापवत न्यायचं, फूल जळून जातं आणि त्याच्या आकाराची पोकळी उरते, तिच्यात चांदी ओतायची. भट्टी एका ओळखीच्यांची. फोडून पाहिलं तर मध्ये चांदीचा एक गोळा आणि कडेला चार-पाच दाते. जुना झिजलेला ब्रश.

दुसरा, माकूल यांचं हाड. चुरा झाला, त्यांनी सांगितल्याप्रमाणेच. वासाबद्दलही त्यांनी सांगितल्याप्रमाणेच.

मुशीतला
ताई, पाकळी कागदाहून पातळ. चांदी तिथवर पोचायच्या आधीच गोठते. शिवाय फुलाची राख पोकळीतच अडकते. फुलाला आधी मेणात बुडवून जाड केलं तर उतरेल, पण मग ती बकुळ नाही, बटाटावडा.

पत्र्यातून कापा. आठाची एक चकती, सोळाची एक. बारीक करवतीने पाकळ्या मोकळ्या करा, कानशीने टोकं काढा. चांदी मऊ करून घ्या. अंधाऱ्या जागी तापवा आणि फिकी गुलाबी लाली दिसली की थांबा, लालभडक होऊ देऊ नका. मग पितळी ठोकळ्याच्या खळग्यात ठोकून वाटीसारखा बाक द्या. एकात एक ठेवा आणि सवागी (टाकणखार) लावून मध्ये झाळा. खडा बसवायचा असला तर सगळं झाळून, धुऊन झाल्यावर शेवटी. खडा बसवून आच दिलीत की खड्याला रामराम.

आणि हो, मी आधी ठशासारखीच करा म्हणालो होतो. बाईंचं आठ-सोळाचं गणित वाचल्यापासून मलाच करून बघावंसं वाटतंय.

रानवाटा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. 😊

निव्वळ_वाचक
मला दागिन्यांतलं काही कळत नाही. घरात सोनं म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्या, त्याही आईच्या. एक गोष्ट सांगावीशी वाटली.

आमच्या शाळेच्या वाटेवर बकूळ होती. मधल्या सुट्टीत आम्ही हार करायचो. त्याला सुई लागत नाही. झाडावरून पडलेल्या बकुळीला मधोमध भोक असतंच. गवताची काडी किंवा केळीचा सोप घ्यायचा आणि एकेक फूल सरकवत जायचं. हार सुकून तपकिरी झाला तरी वास जात नाही, म्हणून तो कंपासपेटीत ठेवायचा. परीक्षेच्या पेपरालाही वास यायचा.

तुम्ही सगळे मध्ये कुठला खडा बसवायचा ते बोलताय. बसवला तर भोक बुजेल ना?

ओवणारी
...

खडूस_आजोबा
सभागृहात शांतता.

लांबचा_पाहुणा
निव्वळ_वाचक, तुम्ही निव्वळ वाचक राहू नका हो.

अंजन_कांचन
अगदी खरं, आणि कारणही सुंदर आहे. बकूळ गळते तेव्हा पाकळ्यांचं कडं पुंकेसरांसकट निसटतं. बीजकोश झाडावरच राहतो, त्याचं पुढे फळ होतं. ते भोक म्हणजे फळाची रिकामी जागा.

आणि ओवणारी, ते फळ पिकल्यावर कसं दिसतं माहितेय? लांबट, बोटाच्या पेराएवढं, नारिंगी-तांबडं. खातातही, थोडं तुरट, पिठूळ.

काळा_पाषाण
थांबा थांबा. लांबट, नारिंगी-तांबडं, गुळगुळीत. कार्नेलियनचा मणी!

गुजरातेत खंबातला हे मणी पिढ्यान्‌पिढ्या करतात. मी काही वर्षांपूर्वी तिथे एका अंगणात दोन तास बसलो होतो. जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार असते. कारागीर दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि पलीकडून हातोडीने टिचकी मारतो. हातोडीचं डोकं म्हशीच्या शिंगाचं. लोखंडी असती तर दगडाचे तुकडे झाले असते. शिंग धक्का जिरवतं आणि कपचा हवा तेवढाच उडतो. लालिकच्या शिंगाचा उल्लेख वर आलाच आहे.

रंग तर पुष्कळदा तापवून येतो. दगड मुळात पिवळट-करडा. मडक्यात घालून मंद आचेवर ठेवला की आतल्या लोहाचं रूप बदलतं आणि दगड लाल होतो. हडप्पाकालीन मणीही असेच तापवलेले आहेत. त्यामुळे 'तापवलेला आहे' असं दुकानदार म्हणाला तर फसवणूक समजू नका. काच मात्र ओळखा. मणी उजेडात धरा, आत गोल बुडबुडे दिसले तर परत करा.

निशाचर
म्हणजे फूल चांदीचं, फळ दगडाचं आणि दोन्ही एकाच दोऱ्यात. झाडाला तरी एका वेळी जमतं का हे?

अंजन_कांचन
पुष्कळदा जमतं. फुलं आणि जुनी फळं एकाच झाडावर दिसतात.

पाटल्या_बिटल्या
वाचनखूण साठवली. ऑर्डर कुठे द्यायची?

संपादक
खरेदी-विक्रीसाठी जाहिरात विभाग आहे. बाकी धागा चालू द्या.

ओवणारी
(तीन आठवड्यांनी)
झाला एकदाचा. एकवीस फुलं. आकडा ठरवून नाही, पत्रा संपला. करवतीची अकरा पाती मोडली. पहिल्या फुलाला पावणेदोन तास, शेवटच्याला पस्तीस मिनिटं. दर तीन फुलांमागे एक मणी ओवलाय. मुशीतला काका, तुम्ही व्यक्तिगत निरोपातून सांगितलंत तशी भोकाची कड आतून घासून गोल केली, नाहीतर दोरा तिसऱ्या दिवशी कापला असता.

चांदी पांढरीशुभ्र होती, ती ताज्या फुलासारखी दिसायला हवी होती, पण स्टीलच्या वाटीसारखी दिसत होती. म्हणून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून झाकणाच्या डब्यात फुलांशेजारी ठेवला. त्यातल्या गंधकाने तासाभरात चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी होत जाते. तपकिरी झाल्याबरोबर बाहेर काढली. दुसऱ्या दिवशीची बकूळ.

निशाचर
शाकाहारी पर्याय?

ओवणारी
मेडिकलवाल्याकडे नव्हे, केमिकलवाल्याकडे लिव्हर ऑफ सल्फर मागा. नाव ऐकून शाकाहारी वाटणार नाही, पण आहे.

काल आजीकडे नेला. तिने चष्मा लावून मणी मोजले, फुलं मोजली आणि एक फूल बोटाने गोल गोल फिरवत राहिली. म्हणाली, "मला हाच हार होता की लहानपणी, पण फुकट." मग स्वतःचा सोन्याचा काढून माझ्या हातात ठेवला आणि हा घातला. आरशात बघून म्हणाली, "हा आता राहू दे. आणि त्याच्या पेटीत खरी चार फुलं टाक, नुसता चांदीचा वास येतोय."

सोन्याचा हार आत्ता माझ्या टेबलावर आहे. कडी पुन्हा तुटलीय, त्याच जागी. @मुशीतला, काय करू? नवी कडी घालू का जाडीची?

मुशीतला
जाडीची घालू नका, मग शेजारच्या फुलाचा कान, म्हणजे कडी अडकते ती जागा, तुटंल. फोटो पाठवा आधी.